अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला कान का येतात, आणि पत्र्याचं टेक्श्चर नेमकं कसं मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका प्रेस शॉपमध्ये १.२ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम सर्कलपासून (गोल कापलेल्या पत्र्यापासून) डबे ओढतात. काही लॉटमध्ये डब्याच्या तोंडाला चार कान, म्हणजे काठाचे वर आलेले उंचवटे, येतात आणि ट्रिमिंगला माल जादा जातो. एका लॅबमधून पत्र्याचा एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख काढून घेतला, त्यात (२००) चं शिखर सगळ्यात उंच आलं (कंसातले आकडे म्हणजे स्फटिक-पृष्ठांची, स्फटिकातल्या अणूंच्या थरांची, नावं). शिखरांची तीव्रता अशी: (१११) ३०, (२००) १००, (२२०) १८, (३११) १२. यावरून पत्र्यात टेक्श्चर आहे असं म्हणता येईल का, आणि कान त्यामुळेच येतात का?

पहिल्याचं उत्तर होय. दुसऱ्याचं उत्तर या आलेखात नाही, आणि तो आलेख कितीही सावकाश, कितीही स्वच्छ काढला तरी त्यात ते सापडणार नाही. ते का, हे समजलं की पुढची सगळी मोजणी आपोआप लक्षात येते.

टेक्श्चर म्हणजे इथे पृष्ठभागाचा खरखरीतपणा नव्हे. पत्र्यातले कण, म्हणजे बारीक स्फटिक, एका ठरावीक दिशेला तोंड करून बसलेले असणं म्हणजे टेक्श्चर. निपाणीकडे तंबाखूच्या पानांची थप्पी रचलेली डोळ्यांसमोर आणा. पानं सपाट पसरलेली आहेत, एवढं थप्पीच्या वरून पाहिलं तरी कळतं. पण देठ कुठल्या दिशेला आहेत ही वेगळी गोष्ट आहे. सगळे देठ एका बाजूला असतील, नाहीतर पानं वाटेल तशी फिरवून टाकलेली असतील. दोन्ही वेळा पानं सपाटच असतात. लॅबने काढला तो नेहमीचा आलेख, ज्याला थीटा-टू-थीटा म्हणतात, फक्त पत्र्याच्या पृष्ठाला समांतर असलेली स्फटिक-पृष्ठं मोजतो. पानं सपाट आहेत एवढंच तो सांगतो, देठांबद्दल मुका राहतो. आणि कान ठरतात ते देठांवरून.

तुमच्याच आकड्यांवर हे दाखवतो. रँडम अ‍ॅल्युमिनियम भुकटीत या चार शिखरांचं प्रमाण १००, ४७, २२, २४ असतं. तुमचा प्रत्येक आकडा त्या-त्या आकड्याने भागला की ०.३०, २.१३, ०.८२, ०.५० मिळतात. त्यांची सरासरी ०.९४. पुन्हा तिने भागलं की (२००) चा टेक्श्चर गुणांक सुमारे २.३ आणि (१११) चा ०.३. रँडम पत्र्यात हे सगळे १ च्या आसपास आले असते. चार शिखरं धरली तर कमाल ४ येऊ शकतो, म्हणून २.३ हा चांगलाच मोठा आकडा आहे. (हे गुणोत्तर शिखराखालच्या क्षेत्रफळावरून काढावं, उंचीवरून नको, शिखर रुंद झालं की उंची फसवते.)

म्हणजे बऱ्याच कणांत स्फटिकाच्या घनाची (१००) पृष्ठं, जी आलेखात (२००) म्हणून दिसतात, पत्र्याला समांतर आहेत. पण घन तसाच सपाट ठेवून दोन प्रकारे बसू शकतो. एक, त्याची कड रोलिंगच्या (पत्रा लाटण्याच्या) दिशेला. याला क्यूब टेक्श्चर म्हणतात आणि त्यात कान रोलिंगच्या दिशेला व तिच्या काटकोनात, म्हणजे ० आणि ९० अंशांवर येतात. दुसरा, घन ४५ अंशांनी फिरलेला. हा रोटेटेड क्यूब, त्यात कान ४५ अंशांवर येतात. दोघांचा थीटा-टू-थीटा आलेख हुबेहूब सारखा. कान मात्र उलट जागी.

यंत्राकडे जाण्याआधी प्रेसवरच दोन गोष्टी करून घ्या, त्यांना खर्च नाही.

सर्कलवर कडेला स्क्रायबरने एक खूण करा आणि एक डबा ओढा. दुसरं सर्कल त्याच डायमध्ये ४५ अंश फिरवून बसवा आणि ओढा. कान सर्कलच्या खुणेबरोबर फिरले तर दोष पत्र्याचा. कान डायच्या जागेवरच राहिले तर दोष डाय, पंच किंवा ब्लँक होल्डरच्या दाबाचा, तिथे टेक्श्चर मोजण्यात पैसे घालू नका. एकच बाजू उंच आणि समोरची बुटकी असेल तर बहुतेक वेळा सर्कल मध्यावर बसलेलं नसतं. मग डब्याची उंची दर १५ अंशांवर, एकूण २४ ठिकाणी, हाइट गेजने घ्या. चार शिखरांची सरासरी वजा चार दऱ्यांची सरासरी, भागिले दऱ्यांची सरासरी, गुणिले १००: ही कानांची टक्केवारी. लॉटनिहाय ही नोंद ठेवली तर नंतर टेक्श्चरच्या आकड्यांशी ताडता येते. नाहीतर लॅबचा अहवाल हातात येतो आणि तो कशाशी जोडायचा हेच कळत नाही.

इथेच सर्कलवाल्यांची खास अडचण येते. गोल कापलेल्या पत्र्याची रोलिंगची दिशा हरवलेली असते. अंधाऱ्या जागी बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकून पाहिलं तर रोलच्या बारीक समांतर रेषा दिसतात. दोन्ही बाजू पाहाव्यात आणि दिशा जुळते का ते तपासावं. यातून २-३ अंशांपर्यंत दिशा मिळते, तेवढी पुरते. पॉलिश केलेल्या सर्कलवर रेषा दिसत नाहीत. तिथे कानांवरून दिशा ठरवायला जाऊ नका, कारण चार कान असले की ० कुठे आणि ४५ कुठे हे कानांवरून कळतच नाही, आणि तेच तर आपल्याला शोधायचं आहे. पुरवठादाराकडून त्याच कॉइलचा बाण मारलेला आयताकृती तुकडा मागवा.

आता मोजणी. जे लागतं त्याला पोल फिगर म्हणतात. डिटेक्टर एकाच शिखराच्या कोनावर स्थिर ठेवायचा, उदाहरणार्थ (१११) साठी, आणि नमुनाच वाकवायचा व फिरवायचा. ऑयलर क्रेडल नावाच्या चौकटीवर नमुना ० पासून ७० किंवा ७५ अंशांपर्यंत कलवतात आणि प्रत्येक कलाला स्वतःभोवती पूर्ण ३६० अंश फिरवतात. कुठल्या कलाला, कुठल्या फिरवणीला किती तीव्रता आली त्याचा वर्तुळाकार नकाशा म्हणजे पोल फिगर. परावर्तनाची ही पद्धत शुल्त्स यांनी १९४९ मध्ये मांडली, आणि प्रयोगशाळांमध्ये आजही तीच चालते.

(२००) ची पोल फिगर इथे निरुपयोगी आहे, हे आधी सांगून ठेवतो. क्यूब असो की रोटेटेड क्यूब, तिच्यात मध्यभागी एक ठिपका दिसतो आणि बाकीचे चार अगदी काठावर, ९० अंशांच्या कलाला असतात. तिथपर्यंत परावर्तनात पोचता येत नाही. (१११) घ्या. दोन्हींमध्ये चार ठिपके ५४.७ अंशांच्या कलावर येतात, पण क्यूबमध्ये ते रोलिंगच्या दिशेपासून ४५ अंशांवर बसतात आणि रोटेटेड क्यूबमध्ये थेट रोलिंगच्या दिशेवर व तिच्या काटकोनात. एका नजरेत फरक कळतो.

सगळ्यात जास्त चुका नमुना तयार करताना होतात, म्हणून इथे थांबून सांगतो.

नमुना साधारण २४ × २४ मिमी. शिअरिंग मशीनवर कापलेल्या कडेजवळचा भाग दबलेला असतो, म्हणून कडेपासून किमान ५ मिमी आत मोजणी यावी असा तुकडा घ्या. रोलिंगच्या दिशेचा बाण मागच्या बाजूला कोरा. मार्करची शाई पुढच्या धुण्यात जाते, आणि बाण गेलेला नमुना फेकून देण्याच्याच लायकीचा असतो. कुठली बाजू वर होती तेही लिहा.

मग खोली. तांब्याच्या नळीचे (तांब्याचं लक्ष्य असलेल्या एक्स-रे नळीचे) एक्स-रे अ‍ॅल्युमिनियममध्ये (१११) साठी जेमतेम ५०-६० मायक्रॉन आत पोचतात. तुमचा पत्रा १,२०० मायक्रॉनचा आहे. लॅबने पत्रा आहे तसा ठेवून आलेख काढला असेल, तर तो वरच्या सालीचा आहे. लाटताना रोल आणि पत्रा यांच्यातल्या घर्षणाने वरच्या थरात कातरण होते आणि तिथे नेमकं रोटेटेड क्यूब तयार होऊ शकतं, तर पत्र्याच्या पोटात वेगळंच टेक्श्चर असतं. डबा ओढताना मात्र सगळी जाडी काम करते. म्हणून दोन नमुने करा: एक पृष्ठभागाचा, एक अर्ध्या जाडीचा. परवडत असेल तर पाव जाडीचाही. तुमचं उंच (२००) पोटातल्या क्यूबचं आहे की सालीतल्या रोटेटेड क्यूबचं, हे यातूनच उलगडेल.

अर्ध्या जाडीपर्यंत जायला ०.६ मिमी उतरवायचं आहे. पत्रा सपाट ठोकळ्यावर चिकटवा आणि ओल्या एमरी पेपरवर २२०, ४००, ८००, १२०० असे उतरत जा. मायक्रोमीटरने चार कोपरे मोजत राहा, फरक ०.०२ मिमीच्या आत ठेवा. नाहीतर नमुना पाचरीसारखा होतो आणि एका कोपऱ्याला वेगळीच खोली मोजली जाते. गरम बेकेलाइटमध्ये माउंट करू नका, विशेषतः कडक पत्रा असेल तर. थंड रेझिन वापरा. शेवटचे ५० मायक्रॉन घासून काढायचे नाहीत, कारण घासण्यानेच वरचा थर बिघडतो आणि आपण पेपरचं टेक्श्चर मोजत बसतो. ते कॉस्टिक सोड्याच्या १० टक्के द्रावणात ६० अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळवा. पृष्ठभाग काळा पडतो. तो सौम्य नायट्रिक आम्लात बुडवला की साफ होतो. मग पाण्याने धुऊन लगेच वाळवा. या प्रक्रियेत हायड्रोजन वायू सुटतो आणि द्रावण उसळतं. चष्मा, हातमोजे, मोकळी हवा, आसपास ज्योत नको. आणि द्रावण करताना कॉस्टिक पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. फार वेळ ठेवलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मोठ्या कलावर तीव्रता पडते.

यंत्रावर अ‍ॅल्युमिनियमसाठी तांब्याच्या नळीने शिखरं ३८.५ (१११), ४४.७ (२००), ६५.१ (२२०) आणि ७८.२ अंशांवर (३११) येतात. या आकड्यांवर आंधळेपणाने डिटेक्टर लावू नये. तुमच्या नमुन्यावर आधी छोटा स्कॅन घेऊन शिखराचा माथा शोधावा. ५ अंशांच्या जाळीने ० ते ७० अंश कल म्हणजे १५ वर्तुळं, प्रत्येकी ७२ बिंदू, एकूण १,०८०. बिंदूला २ सेकंद दिले तर एका पोल फिगरला ३६ मिनिटं आणि वर हलण्याचा वेळ. चारही घेतल्या तर अर्धा दिवस गेला असं समजा. पार्श्वभूमीची तीव्रता शिखराच्या दोन्ही बाजूंना, उदाहरणार्थ (१११) साठी ३६ आणि ४१ अंशांवर, प्रत्येक कलाला घ्यावी लागते, कारण कलाबरोबर तीही बदलते. सुरुवातीला एक तपासणी जरूर करायला सांगा: ० अंश कलाला आणि ६० अंश कलाला शिखराची जागा सारखी येते का? ०.१ अंशापेक्षा जास्त सरकत असेल तर नमुन्याची उंची चुकली आहे, आणि मग मोठ्या कलावरची सगळी तीव्रता खोटी.

डिफोकसिंग हा या पद्धतीचा जन्मजात दोष आहे. नमुना कलला की किरणांचा ठसा लांबट होतो, शिखर पसरतं आणि त्यातला काही भाग डिटेक्टरच्या स्लिटबाहेर पडतो. त्यामुळे पूर्णपणे रँडम नमुन्यातही कडेकडे तीव्रता घटत जाते आणि मध्यभागी काहीतरी आहे असा भास होतो. यावर उपाय एकच: त्याच धातूची रँडम भुकटी, त्याच स्लिट, तेच कोन, तीच जाळी. तिची मोजणी भाजक म्हणून वापरायची. भुकटीचा गोळा करतानाही सांभाळा. चपट्या कणांची भुकटी दाबली की कण आडवे पडतात आणि आपला रँडम नमुनाच टेक्श्चरवाला होतो. अ‍ॅटोमाइज केलेली गोलसर भुकटी थोड्या बाइंडरमध्ये हलक्या हाताने बसवावी. अहवाल घेताना डिफोकसिंगची सुधारणा कुठल्या नमुन्यावरून केली, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या पोल फिगरवरचे आकडे धरू नका. ठिपक्यांच्या जागा तेवढ्या पाहा.

कण किती मोठे आहेत याचाही हिशेब करा. किरण पत्र्यावर १० चौरस मिमी जागा व्यापत असेल आणि कण ५० मायक्रॉनचे असतील, तर एका थरात साधारण ४,००० कण येतात. ठीक आहे. तेच कण २०० मायक्रॉनचे झाले तर फक्त २५०, आणि पोल फिगरवर गोवर उठल्यासारखे सुटे ठिपके दिसू लागतात. ते टेक्श्चर नव्हे, मोजमापाला कण अपुरे पडल्याची खूण आहे. नमुना मोजताना मागे-पुढे हलवता येतो, किंवा दोन-तीन नमुन्यांची बेरीज करावी. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातले फौंड्रीवाले हाच प्रश्न ओतीव मालाबद्दल विचारतात. तिथे कण मिलिमीटरच्या घरात असू शकतात, आणि साध्या एक्स-रेने ते नीट मोजले जात नाहीत. त्यासाठी आख्ख्या तुकड्यातून आरपार जाणारे न्यूट्रॉन लागतात. स्टीलचा पत्रा असेल तर तांब्याची नळीही चालत नाही, लोखंड स्वतःच एक्स-रे सोडू लागतं आणि पार्श्वभूमी चढते. कोबाल्टची नळी मागा, तिच्यात (११०), (२००), (२११) ही शिखरं ५२.४, ७७.२ आणि ९९.७ अंशांवर येतात.

तीन किंवा चार पोल फिगर मिळाल्या की संगणकाने ओडीएफ, म्हणजे दिशांच्या वाटणीचं फलन, काढतात. बुंगे आणि रो यांनी याचं गणित १९६५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. एमटेक्स हा टूलबॉक्स मोफत आहे, मात्र तो मॅटलॅबवर चालतो. ओडीएफमधून पोल फिगर परत काढून मोजलेल्याशी ताडून पाहाव्यात. जुळल्या नाहीत तर मूळ मोजणीत दोष आहे, गणिताने तो झाकू नये. सगळं चित्र ४-५ अंश एकसंध फिरलेलं दिसलं तर नमुना तिरका बसला होता, तेवढं फिरवून घ्या. पण चित्र सममित नसतानाच चार चतुर्थांशांची सरासरी काढून सममित करून टाकायची सवय वाईट, तिच्याखाली खरे दोष लपतात.

अहवालातल्या टक्केवारीबद्दल एक इशारा. क्यूब १० टक्के, एस १० टक्के असं लिहिलेलं असतं आणि दोन्ही सारखेच वाटतात. आदर्श दिशेपासून १५ अंशांपर्यंतचे कण त्यात मोजले तर पूर्णपणे रँडम पत्र्यातही क्यूब सुमारे २.३ टक्के निघतो. एस या रोलिंग-टेक्श्चरची चार सममित रूपं असल्यामुळे तो रँडममध्येच ९ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे १० टक्के क्यूब हा रँडमच्या चौपटीहून जास्त, आणि १० टक्के एस जवळपास काहीच नाही.

ईबीएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये नमुना ७० अंश कलवून एकेका कणाची दिशा टिपणं, हे चित्र म्हणून देखणं असतं आणि जाडीच्या छेदात सालीपासून पोटापर्यंत टेक्श्चर कसं बदलतं हे एकाच नमुन्यात दाखवतं. पण संकेत वरच्या काही दहा नॅनोमीटरमधून येतो, म्हणून शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिकाने किंवा इलेक्ट्रोपॉलिशने करावंच लागतं. स्टेप कणाच्या दहाव्या भागाएवढी ठेवावी. काहीशे कणांच्या नकाशावरून कानांचा अंदाज बांधू नये. काही हजार कण तरी हवेत. तुमच्या कामाला आधी एक्स-रे पोल फिगर, आणि साल व पोट यांत मोठा फरक निघाला तरच ईबीएसडी, असा क्रम मला योग्य वाटतो. मुंबईच्या आयआयटीत टेक्श्चर मोजण्याची राष्ट्रीय सुविधा आहे. नमुन्याबरोबर एका कागदावर मिश्रधातूचा ग्रेड, टेम्पर (कडकपणाची अवस्था), जाडी, कुठली खोली, रोलिंगचा बाण आणि कानांची टक्केवारी लिहून पाठवा. चांगला एक लॉट आणि वाईट एक लॉट, दोन्ही पाठवा. एकट्या वाईट नमुन्याचा अहवाल कशाशी ताडणार?

निकाल आल्यावर काय? कान ० आणि ९० वर असतील आणि पोटात क्यूब जादा निघाला, तर पत्रा तापवून मऊ करण्याच्या शेवटच्या अ‍ॅनीलिंगमध्ये क्यूबचे कण प्रमाणाबाहेर वाढले आहेत. कान ४५ वर असतील आणि रोलिंगची टेक्श्चर (ब्रास, कॉपर, एस) जोरात असतील, तर पत्रा थंड लाटताना जाडी फार उतरवली गेली आहे किंवा मधलं अ‍ॅनीलिंग चुकलं आहे. चांगल्या पत्र्यात दोन्ही गट एकमेकांना तोलतात, म्हणून कान बुटके राहतात. हा तोल रोलिंग मिलमध्येच साधता येतो. सर्कल आपल्या भट्टीत पुन्हा तापवून तो साधेल असं मानू नका; आधीच अ‍ॅनील झालेल्या पत्र्यात टेक्श्चर फारसं बदलत नाही, कण मात्र फुगतात आणि डब्याच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. पुरवठादाराला नुसतं ‘टेक्श्चर सुधारा’ असं लिहू नका. कानांची कमाल टक्केवारी ऑर्डरमध्येच घाला, कान कुठल्या कोनावर येतात ते कळवा आणि दोन्ही लॉटच्या अर्ध्या जाडीच्या (१११) पोल फिगर जोडा.